मोडलेलं फेकण्याआधी

भाच्या,

आजोबांची सीडी १०० तू पडवीतून बाहेर काढलीस आणि वर हौसेनं एक आरएक्स १०० आणून उभी केलीस, असं तुझी आई सांगत होती. सांगताना तिचा सूर काही बरा नव्हता. दोन्ही गाड्या आपल्या देशात आल्या १९८५ सालीच. एक चार स्ट्रोकची, गुपचूप काम करणारी. दुसरी दोन स्ट्रोकची, कोपऱ्यावर आली की घरात कळणारी. सीडीची जाहिरात सांगायची, पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की इंजिन ऑइल बदलायचंही विसरले. आम्हा गॅरेजवाल्यांची घरं त्या विसरण्यावरच उभी राहिली, म्हणून मी काही तक्रार करत नाही.

आता इंजिन स्वतःच उघडायचं म्हणतोस, तर उघड. बाजारात कुणी तुला मामा बनवू नये म्हणून हा खरा मामा चार गोष्टी सांगतोय. चारापेक्षा जास्त झाल्या तर मधे चहा घे.

१. पाना हातात घेण्याआधी एक दिवस नुसता आवाज ऐक आणि धूर बघ – इंजिन उघडलं की दोन्ही बंद, मग विचारणार कुणाला?

२. सीडीचा धूर निळसर असेल तर तो कधी येतो ते बघ. सकाळच्या पहिल्या किकला भसकन येऊन थांबला तर व्हॉल्व्हचे सील गेलेत, गाडी पिळल्यावर येतच राहिला तर रिंगा – पहिल्याला हेड उतरवून भागतं, दुसऱ्याला ब्लॉकही उतरवावा लागतो.

३. आरएक्सचा धूर दाट पांढरा असेल आणि गिअर ऑइल आपसूक कमी होत असेल, तर क्लचकडचं ऑइल सील तपास – क्रँक तिकडून गिअर ऑइल ओढतो आणि जाळतो. पिस्टन बिचारं निर्दोष असतं.

४. तीच आरएक्स उभ्या उभ्या आपोआप रेस व्हायला लागली आणि लवकर तापायला लागली, तर मॅग्नेटकडचं सील बघ – तिथून चोरून हवा आत शिरते, पेट्रोलच्या मानानं हवा जास्त होते आणि पिस्टन चिकटतं. ते एवढंसं रबर न बदलता नवं पिस्टन घातलंस, तर तेही त्याच वाटेनं जाईल.

५. कॉम्प्रेशन कमी वाटतंय? सीडीच्या प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोड आणि पुन्हा किक दाबून बघ. जोर वाढला तर रिंगा घासल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत – ऑइल रिंगांच्या फटी बुजवतं, वर व्हॉल्व्हपाशी त्याचं काही चालत नाही.

६. मोडला तो फिर्यादी, मोडणारा फरारी. बाकी सगळं विसरलास तरी चालेल, एवढं विसरू नकोस – इंजिनात जो भाग तुटून हातात येतो, त्याचा गुन्हा बहुतेक वेळा दुसऱ्यानंच केलेला असतो. नवा भाग बसवण्याआधी तो दुसरा शोध.

७. म्हणून पिस्टन बाहेर काढलंस की भंगारात टाकण्याआधी उन्हात धरून गोल फिरवून बघ. ओरखडे एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर इंजिन तापलंय. चार कोपऱ्यांना सारखे असतील तर बोअर घट्ट झालंय, नाहीतर कुणीतरी थंड इंजिन सकाळी सकाळी पिळलंय. इनटेकच्या बाजूची चमक जाऊन तिथे बारीक उभ्या रेषा दिसत असतील तर धूळ आणि वाळू आत गेलीय, म्हणजे एअर फिल्टर फाटलाय किंवा त्याच्यामागचा रबरी पाइप. आपल्याकडे निम्म्या वेळा हेच निघतं.

८. वाळूवर गाडी घालायची नाही. पाहुणे घालतात म्हणून तर मुळीच नाही – कोरडी वाळू फिल्टरला, ओली चेनला आणि खारं पाणी सगळ्यालाच बाधतं.

आता खाऱ्या हवेचं. पुण्याचा मेकॅनिक सकाळी इंजिन उघडायला घेतो, तो दुपारी आत काय मोडलंय ते बघत असतो. काशीदचा मेकॅनिक दुपारी अजून कव्हरचे स्क्रू काढत असतो. केस ॲल्युमिनियमची, स्क्रू लोखंडाचे आणि मधे मिठाचा ओलावा. दोन धातूंच्या भांडणात ॲल्युमिनियम हरतं, त्याची पांढरी भुकटी होते, ती फुगते आणि स्क्रूला आतल्या आत जखडून टाकते. त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

९. उद्या उघडायचं असेल तर आज रात्रीच प्रत्येक स्क्रूच्या कडेनं गंज सोडवणारं तेल सोड, नसेल तर डिझेल – ते आत झिरपायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ नसलेला माणूस पुढे ड्रिल घेऊन बसतो.

१०. अडलेल्या स्क्रूशी हातातल्या पेचकसानं झटायचं नाही. इम्पॅक्ट ड्रायव्हर घे आणि वरून हातोडीचा एक ठोका दे – ठोका स्क्रूला खाली दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो, म्हणून डोकं सुटत नाही. जपानी गाड्यांच्या स्क्रूची खाच साध्या स्टारपेक्षा किंचित वेगळी असते, त्यामुळे नेहमीचा स्टार त्यात डुलतो आणि खाच खातो.

११. तरीही नाही सुटला तर आजूबाजूची केस गरम कर – ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावतं, भोक मोठं होतं, पकड सुटते. त्याआधी टाकी आणि कार्ब्युरेटर उतरवून लांब ठेव, हे सांगायला लागू नये, पण सांगतो.

१२. परत बसवताना कव्हरच्या प्रत्येक स्क्रूला ग्रीसचं पुसट बोट लाव. कोरडा आटा, पुढच्या साली घाटा.

१३. मात्र ग्रीस लावलेला स्क्रू मनगटाच्या जोरावर आवळू नकोस – घर्षण कमी झालेलं असतं, त्यामुळे तेवढ्याच जोरात तो जास्त आवळला जातो आणि आटेच उपटून आणतो. हेडच्या नटांना टॉर्क पाना, आणि नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत.

१४. आटे गेलेच तर त्यात एम-सील भरणं, टेफ्लॉन गुंडाळणं, थोराड बोल्ट ठोकणं हे तिन्ही उद्योग नकोत. भोक मोठं करून त्यात नवे आटे पाडायचे आणि स्टीलची कॉइल बसवायची – मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा ती टिकाऊ असते, आणि जुनाच बोल्ट परत लागतो.

१५. ब्लॉकची एखादी फिन तुटली असेल तर कानशीनं कड गुळगुळीत कर आणि सोडून दे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात सुरूच्या झाडांखाली सापडलेल्या गाड्या आल्या होत्या, त्यांच्या तुटक्या फिना मी तशाच ठेवल्या – एका फिनेनं इंजिन तापत नाही, पण ती जोडायला वेल्डिंग केलं तर त्या उष्णतेनं बोअरचा गोल बिघडू शकतो.

१६. केसला चीर जाऊन ऑइल गळत असेल तर मात्र आर्गन वेल्डिंगच, आणि तेही केस पूर्ण रिकामी करून, ऑइलचा अंशही धुऊन काढल्यावर – चिरेत मुरलेलं ऑइल वेल्डिंगमध्ये बुडबुडे करतं आणि चीर परत उघडते.

उघडताना:

१७. अंगणात नको, कोंबड्या फिरतात. खोलीत जुनी पांढरी चादर अंथर – उडालेली सरक्लिप पांढऱ्यावर दिसते, शेणानं सारवलेल्या जमिनीवर नाही.

१८. थर्माकोलच्या तुकड्यावर कव्हरचा आकार काढ आणि ज्या भोकातून जो स्क्रू निघेल तो तिथेच खोच – एकाच कव्हरला दोन-तीन लांबीचे स्क्रू असतात, आणि लांब स्क्रू आखूड भोकात गेला की केस तडकते. मोबाइलवर फोटो तर तू काढशीलच, पोळीचेही काढतोस.

१९. ब्लॉक उचलायला लागलास की खालचं तोंड स्वच्छ फडक्यानं बंद कर – गजन पिनची क्लिप निसटली तर ती नेमकी तिथेच पडते, आणि मग वरचं हाफ इंजिनचं काम खालची केस उघडून फुल इंजिनवर जातं.

२०. मॅग्नेट पुलरनंच काढायचं, हातोडी लावायची नाही – मॅग्नेट निघेलही, पण क्रँकचं टोक वाकलं किंवा चुंबक सैल झालं तर खर्च पिस्टनच्या वर जाईल.

२१. कनरॉड हातात धरून वरखाली ओढून बघ. वरखाली खेळ लागला तर बेअरिंग गेलंय. आडवा थोडा हलतो तो हलूच दे – तेवढी जागा त्याला मुद्दाम ठेवलेली असते. पुष्कळांना हे उलटंच वाटतं आणि चांगला क्रँक उगाच प्रेसखाली जातो.

२२. क्रँक खरंच गेला असेल तर तो गावात उघडायचा नाही. पिन प्रेसमध्ये दाबून बसवावी लागते आणि मग डायल गेजवर दोन्ही बाजू एका रेषेत आणाव्या लागतात – डोळ्याला सरळ दिसणारा क्रँक रस्त्यावर हँडलमधून बोटं बधिर करतो.

आता लेथवाला आणि सुटे भाग. इथे पैसा जातो.

२३. आधी अंग, मग अंगरखा. पिस्टन आधी विकत घे, आणि लेथवाल्याकडे ब्लॉक आणि पिस्टन दोन्ही घेऊन जा – बोअर आणि पिस्टनमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची असते, ती हातात असलेल्या पिस्टनवरूनच ठरते, डब्यावरच्या आकड्यावरून नाही.

२४. जुन्या पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा वाच. ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० असे टप्पे असतात, तुझं १.०० वर असेल तर पुढे बोअर नाही, नवी स्लीव्ह किंवा नवा ब्लॉक. ओरखडा पुसला जाईल एवढाच टप्पा घे, एकदम वरचा नको – पुढच्या वेळेसाठी थोडं लोखंड शिल्लक राहू दे.

२५. तुझ्या दोन्ही गाड्यांचं मूळ पिस्टन ५० मिलिमीटरचंच. म्हणून काउंटरवर नुसतं माप सांगशील तर फसशील – दोन स्ट्रोकच्या पिस्टनमध्ये रिंग फिरू नये म्हणून खाचेत बारीक पिन असते, चारच्यात ती नसते आणि ऑइल रिंग वेगळी असते. जुना भागच खिशात घालून जा.

२६. बोअर करून आणलेला ब्लॉक पेट्रोलनं पुसून थेट बसवायचा नाही. गरम पाणी, कपड्यांचा साबण आणि ब्रश घेऊन घास, पांढरं फडकं आतून फिरवून काळं होईनासं होईपर्यंत घास, लगेच कोरडं करून ऑइल लाव – होनिंगच्या दगडाची पूड पेट्रोलनं जागची हलत नाही, साबणाच्या पाण्यानं निघते, आणि राहिली तर नव्या रिंगा तीच खाते. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे.

२७. नवी रिंग आधी एकटीच बोअरमध्ये घाल, पिस्टननं ढकलून सरळ कर आणि टोकांमधली फट फिलर गेजनं माप. या मापाच्या बोअरला ०.१५ ते ०.३० मिलिमीटरच्या आसपास असली की बरं – फट नसेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते.

२८. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, आणि सीडीवर आयएन अशी खूण असेल ती इनटेककडे. रिंगेवरचं अक्षर वर. गजन पिनच्या क्लिपा दर वेळी नव्या – काही रुपयांची जुनी क्लिप चालत्या इंजिनात सुटली की ब्लॉकला चर पाडते.

२९. व्हॉल्व्हला ग्राइंडिंग पेस्ट लावून मागेपुढे फिरव, अधूनमधून उचलून जागा बदल. कडेला सगळीकडे सारख्या रुंदीचा करडा पट्टा दिसला की पेस्टचा कण न कण धू, व्हॉल्व्ह स्प्रिंगसकट बसव आणि इनटेक-एक्झॉस्टच्या तोंडातून घासलेट ओत. चहा पिऊन ये. खाली ओल दिसली तर परत पेस्ट – घासलेट गळलं तिथून कॉम्प्रेशनही गळणार.

३०. टॅपेट बोललं तर ऐक, गप्प बसलं तर धाव. सीडीला थंड इंजिनवर ०.०५ मिलिमीटर ठेव – फट उरली नाही तर आवाज जातो, लोक खूश होतात, आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसल्यामुळे हळूहळू जळतो.

३१. टायमिंग चेन चढवून खुणा जुळवल्यास की किक मारायची नाही. मॅग्नेट हातानं सावकाश फिरव, पूर्ण दोन वेळा – चेन चुकीची चढून व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असेल तर हाताला अडकल्यासारखं लागेल, पायाला ते कळणार नाही.

३२. नवं बेअरिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव, सकाळी केस गरम कर, मग ते हातानंच बसतं – एक आकसलेलं, दुसरी फुगलेली, ठोकायला लागत नाही. आईला आधी सांगून ठेव. तिच्या सुरमईशेजारी बेअरिंग सापडलं तर त्याची दुरुस्ती माझ्याकडे नाही.

३३. पॅकिंग नवं, आणि त्यावर गॅसकेट सोल्युशन जेवढं कमी तेवढं बरं – दाबल्यावर आत आलेला लोंबता तुकडा सुटून वर हेडला ऑइल नेणाऱ्या बारीक भोकात अडकतो, आणि मग कॅम कोरडा फिरतो.

३४. कार्ब्युरेटर साफ करताना जेटमध्ये तार घालू नकोस, हवा मार. बाकी त्यात विशेष काही नाही.

३५. एक गोष्ट मात्र नवी आहे. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. तुझ्या गाड्या बनल्या तेव्हा हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं – त्यामुळे पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा कर, आणि त्यातले रबरी भाग बदलायचे झाले तर इथेनॉलला चालणारे माग.

३६. सामानासाठी पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेला जाणारी बोट बंद असते; तेव्हा भाऊच्या धक्क्याची रो-रो बघ. क्रँक मांडीवर घेऊन जा, डिकीत नको. लोक बघतील, बघू देत.

३७. वापरलेली क्रँककेस स्वस्तात मिळाली तर आधी तिच्यावरचा इंजिन नंबर आणि सोबतचे कागद बघ. नंबर घासलेला असेल तर हात लावू नकोस. चांगला असेल तर पेणच्या आरटीओत आरसीवर नोंद करून घे – एरवी कुणी विचारत नाही, पण जुन्या गाडीची नोंदणी पुढे वाढवायला गेलास की तपासणीत पहिला नंबरच बघतात.

सुरू करताना घाई नको.

३८. आरएक्सला ऑइल पंप असेल आणि तो खोलला असशील तर नळीतली हवा काढ, आणि पहिल्या टाकीत थोडं टू-टी ऑइल मिसळून ठेव – पंपातून ऑइल पोचेपर्यंत नव्या पिस्टनला कोरडं पळायला नको. आधीच्या मालकानं पंप काढून टाकला असेल तर मिसळणं कायमचंच.

३९. पहिल्या दिवशी नांदगावपर्यंत जाऊन ये, गाडी पूर्ण थंड होऊ दे आणि हेडचे नट पुन्हा टॉर्कवर तपास. मग मुरूड, मग केव्हातरी अलिबाग. साधारण ५०० किलोमीटर मागे कुणी बसवायचं नाही, पिळायचं नाही, पण एकाच वेगानं रेंगाळायचंही नाही – वेग कमीजास्त होत राहिला की रिंगा नीट बसतात. ५०० झाले की सीडीचं ऑइल बदल, ते कितीही स्वच्छ दिसू दे.

४०. कधी गाडी पुरात बुडालीच तर किक मारून बघायचा मोह आवर – आत पाणी असेल तर ते दबत नाही, कनरॉड वाकतो. प्लग काढ, ऑइल सोड; दुधी निघालं तर नवं घाल, थोडं फिरवून तेही सोड. दोनदा-तीनदा करावं लागतं.

४१. जुने भाग गाडी ५०० किलोमीटर पळेपर्यंत डब्यात राहू देत, मग भंगारवाल्याला दे – काही बिनसलं तर मला बघायला तेच लागतील, फोनवरचा आवाज नाही.

मॅग्नेटचे पुलर दोन्ही गाड्यांचे वेगळे. माझ्याकडे दोन्ही आहेत, रविवारी घेऊन जा. ग्राइंडिंग पेस्टची डबी तेवढी तुझी तू आण, माझी सुकून दगड झालीय. आणि येताना दहाचा पाना परत आण, मागच्या दिवाळीपासून तो तुझ्याकडेच आहे.

तुझा मामा